पंचाहत्तर टक्के शक्यता: नेमकी कुणाची?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला मावशीचा अमेरिकेहून फोन आला. "तू ते स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. करतेस ना? मग हिला सांग बाई, मेडिकलला लागेल का नाही ते." मागून मावसबहीण ओरडली, "ताई, माझा जीपीए ३.८२ आहे आणि एमकॅट ५१४. चान्स किती?"

मी लॅपटॉप उघडला, एक तक्ता शोधला आणि दोन मिनिटांत उत्तर दिलं, "पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास. निवांत राहा."

ते उत्तर चुकीचं होतं. तक्ता बरोबर होता, मी वाचलेला आकडाही बरोबर होता, तरी उत्तर चुकलं. हे कसं झालं ते आज सांगते. तुमच्यापैकी फार कमी जण अमेरिकेत मेडिकलला अर्ज करतील, हे मला माहीत आहे. पण जी चूक मी केली तीच चूक आपण नेटचा कटऑफ बघताना, पीएच.डी.ची मुलाखत देताना आणि पुढे स्वतःचा डेटा वाचताना करत असतो.

आधी पद्धत समजून घेऊ

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एम.डी.ची चार वर्षं. प्रवेशासाठी दोन आकडे मुख्य असतात. एक जीपीए, म्हणजे पदवीच्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी. दुसरा एमकॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर. २०१५ पासून एमकॅटचे चार भाग आहेत, प्रत्येक भागाला ११८ ते १३२ गुण, म्हणून एकूण स्कोअर ४७२ ते ५२८ मध्ये असतो. ५१४ म्हणजे परीक्षा देणाऱ्यांतल्या वरच्या १०-१५ टक्क्यांत. चांगलाच स्कोअर.

ही परीक्षा घेणारी संस्था म्हणजे असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस, थोडक्यात एएएमसी. ती दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करते. आडव्या बाजूला एमकॅटचे गट, उभ्या बाजूला जीपीएचे गट. प्रत्येक घरात तीन आकडे: त्या गटातल्या किती जणांनी अर्ज केला, किती जणांना प्रवेश मिळाला आणि त्याची टक्केवारी. एका वर्षात काही घरांत फारच थोडे लोक येतात, म्हणून अनेक वर्षांची बेरीज करून हा तक्ता बनवतात.

सगळ्यात वरच्या कोपऱ्यातल्या घरात, म्हणजे जीपीए ३.८ च्या वर आणि एमकॅट ५१८ च्या वर, शंभरात साधारण ऐंशी जणांना प्रवेश मिळतो. उलट बाजूनं वाचलं तर एवढे सोन्यासारखे मार्क असूनही पाचातला एक जण घरी बसतो! एकूण चित्र बघायचं तर २०२३-२४ मध्ये सुमारे ५२,६०० जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३,००० जण पहिल्या वर्षाला दाखल झाले. दाखल झालेल्यांची सरासरी होती एमकॅट ५११.७ आणि जीपीए ३.७७.

मावसबहीण या सरासरीच्याही वर होती. मग चुकलं कुठं?

पहिला प्रश्न: छेदात कोण आहे?

टक्केवारी दिसली की आपण अंश बघतो, छेद बघत नाही. या तक्त्याच्या छेदात एमकॅट दिलेले सगळे नाहीत, प्रत्यक्ष अर्ज केलेले आहेत. परीक्षा देऊन, स्कोअर बघून, "जाऊ दे" म्हणून थांबलेले लोक यात कुठेच नाहीत. कमी स्कोअर असताना अर्ज करणारे बहुतेक काहीतरी आधार हातात असल्याशिवाय करत नाहीत: एखादा भक्कम संशोधनाचा अनुभव, ग्रामीण भागात केलेलं काम, सैन्यातली नोकरी. म्हणून खालच्या घरांत दिसणारी टक्केवारी तेवढाच स्कोअर असलेल्या कुणालाही सरसकट लागू होत नाही.

आणि अंशात काय आहे? "प्रवेश मिळाला" याचा अर्थ निदान एका कॉलेजात मिळाला. कोणत्या, ते तक्ता सांगत नाही. एक विद्यार्थी सरासरी १७-१८ कॉलेजांना अर्ज करतो. म्हणजे ही टक्केवारी एका दाराची नाही, पंधरा-वीस दारं ठोठावल्यावर एखादं तरी उघडण्याची आहे.

यातलं गणित करून बघण्यासारखं आहे. समजा, एका कॉलेजात प्रवेशाची शक्यता फक्त ५ टक्के आहे आणि तुम्ही २० कॉलेजांना अर्ज केला. सगळीकडे नकार येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे ०.३६. मग एक तरी होकार येण्याची शक्यता ६४ टक्के. पाचाचे चौसष्ट!

पण थांबा. हे गणित प्रत्येक कॉलेजचा निर्णय स्वतंत्र आहे असं मानतं. प्रत्यक्षात सगळीकडे फाइल एकच जाते. निबंध तोच, शिफारसपत्रं तीच. एका समितीला जे खटकलं ते दुसरीलाही खटकण्याची शक्यता जास्त. टोकाचं धरलं, सगळ्या समित्या तंतोतंत एकसारखा विचार करतात असं मानलं, तर २० अर्ज म्हणजे एकच अर्ज, आणि शक्यता पुन्हा ५ टक्के. खरं उत्तर ५ आणि ६४ च्या मध्ये कुठंतरी. तुम्ही प्रयोगशाळेत एकाच उंदराची वीस मोजमापं घेऊन नमुना वीसचा आहे असं लिहिलंत, तर गाइड जे म्हणतील तेच इथंही लागू आहे.

दुसरा प्रश्न: मी या घरात खरंच बसते का?

इथं माझं उत्तर गडगडलं.

मावसबहीण आठ वर्षांची असताना मावशी-काका तिकडे गेले. काका एच-१बी वर, ती एच-४ म्हणजे अवलंबिताच्या व्हिसावर. शाळा तिकडची, मित्रमैत्रिणी तिकडच्या, मराठीपेक्षा इंग्रजी बरं. पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की काकांचा नंबर लागलाच नाही, आणि २१ पूर्ण झाल्यावर अवलंबित म्हणून राहता येत नाही. तिला विद्यार्थी व्हिसा, म्हणजे एफ-१ घ्यावा लागला. कागदावर ती आता आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी झाली. जणू काल पुण्याहून विमानात बसून आली!

अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज विचारात घेतात. सरकारी कॉलेजं तर त्यातही आपल्या राज्यातल्या रहिवाशांना झुकतं माप देतात. जी थोडी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना घेतात, त्यातली काही फीची मोठी रक्कम आधीच वेगळी ठेवायला सांगतात, कधी कधी चारही वर्षांची.

मग ७५ टक्क्यांचं काय? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घरात १,००० अर्जदार आहेत. त्यातले ९५० नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले, त्यांच्यातल्या ७८ टक्क्यांना प्रवेश मिळतो: ७४१ जण. उरलेले ५० व्हिसावरचे, त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना मिळतो: ९ जण. बेरीज ७५०. घरात छापून येतं ७५ टक्के. आकडा शंभर टक्के खरा आहे, पण त्या ५० जणांपैकी एकालाही तो लागू नाही. ते ५० जण तक्त्यात आहेतच, फक्त गर्दीत दिसत नाहीत.

संख्याशास्त्रात याला संदर्भगटाचा प्रश्न म्हणतात. शक्यता ही माणसाची नसते, गटाची असते. "माझी शक्यता किती" असं विचारणं म्हणजे खरं तर "माझ्यासारख्यांची किती" असं विचारणं. आणि "माझ्यासारखे" कोण, हे ठरवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. एएएमसीच्या तक्त्यानं "सारखे" म्हणजे सारखे मार्क असलेले असं धरलं. मीही डोळे मिटून तेच धरलं. जिचा व्हिसा घरातल्या प्रत्येक जेवणाचा विषय होता, तिच्या बाबतीत मी व्हिसा विसरले.

तिनं २० कॉलेजांना अर्ज केले होते. पहिल्या अर्जाला १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला चाळीसच्या वर. मागाहून कळलं की २० पैकी ११ कॉलेजं तिचा अर्ज उघडूनही बघणार नव्हती. लहानपणापासून इथंच आहे म्हणजे आपण इथलेच, असं ती धरून चालली होती. मी "निवांत राहा" म्हटल्यावर तिनं प्रत्येक कॉलेजचा नियम तपासलाच नाही. वरचंच गणित ९ कॉलेजांसाठी करून बघा: ६४ टक्क्यांचे ३७ होतात. तेही निर्णय स्वतंत्र मानून, आणि व्हिसामुळे ५ टक्के कमी होत नाहीत असं धरून.

तिसरा प्रश्न: शेजारच्या घरात उडी मारता येते का?

त्या वर्षी कुठूनच बोलावणं आलं नाही. मग तिचा पुढचा प्रश्न आला: "ताई, परत एमकॅट देऊन ५१८ केले तर वरच्या घरातली टक्केवारी मला मिळेल ना?"

नाही मिळणार, किंवा पूर्ण मिळणार नाही. ५१८ वाल्यांचा फक्त स्कोअर वेगळा नसतो. त्यांच्यात चांगल्या कॉलेजातले, संशोधनात आधीपासून असलेले, सल्लागार आणि पैसा हाताशी असलेले लोकही जास्त असू शकतात. दोन घरांतल्या टक्केवारीचा फरक म्हणजे दोन गटांतला सगळा फरक, नुसत्या चार गुणांचा नाही. तक्ता निरीक्षणाचा आहे, प्रयोगाचा नाही. शिवाय जुना स्कोअर पुसला जात नाही, कॉलेजांना सगळे प्रयत्न दिसतात.

आणखी एक गोष्ट. एमकॅटच्या निकालासोबत एएएमसी स्वतःच एक पट्टा देते: एकूण स्कोअरला अधिक-उणे २. म्हणजे ५१४ हा ५१२ ते ५१६ असा वाचायचा. मग ५१३ आणि ५१४ यांच्यामध्ये तक्त्यानं आखलेली रेघ ही केवळ रेघ आहे. ती ओलांडल्यानं माणूस बदलत नाही.

चौथा प्रश्न: निवडले गेलेले बघून काय कळतं?

तिच्या ओळखीतले दोन-चार जण मेडिकलला होते. ती म्हणाली, "ज्यांचा एमकॅट भारी आहे त्यांचा जीपीए जरा कमीच आहे. म्हणजे एमकॅटचा अभ्यास केला की ग्रेड घसरतात!"

हा सापळा जुना आहे. जोसेफ बर्कसन या मेयो क्लिनिकमधल्या संख्याशास्त्रज्ञानं १९४६ साली रुग्णालयाच्या आकडेवारीच्या निमित्तानं तो दाखवला. दोन गोष्टींची बेरीज बघून निवड होत असेल, तर निवडलेल्यांमध्ये त्या दोन गोष्टींचं नातं उलटं दिसू लागतं. जीपीए कमी असूनही आत आलेल्याचा एमकॅट भारी असणारच, नाहीतर तो आत आला नसता. दोन्ही कमी असलेले बाहेर राहिले, आणि बाहेरचे आपल्याला दिसत नाहीत.

याच कारणानं "एमकॅटचा आणि पुढे डॉक्टर म्हणून चांगलं असण्याचा फारसा संबंध नाही" हे वाक्यही जपून वाचायचं. आत आलेले सगळे वरच्या टोकाचे. त्यांच्यात स्कोअरचा फरकच थोडा, म्हणून सहसंबंधही बारीक दिसतो. उंचीचा बास्केटबॉलशी संबंध तपासायला फक्त राष्ट्रीय संघ घेतला तर जे होईल तेच.

मग न निवडलेल्यांचं काय झालं असतं, हे कधी कळतच नाही का? एकदा कळलं. १९७९ मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सस विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलला राज्याच्या विधिमंडळानं ऐनवेळी जागा १५० वरून २०० करायला सांगितल्या. निवड तर संपलेली. मुलाखत दिलेल्या ८०० जणांतून यादीतल्या वरच्या ३५० मधून आधीचे विद्यार्थी घेतलेले. चांगले उमेदवार इतरत्र गेले होते. मग ५० जण घ्यावे लागले ते ७०० ते ८०० क्रमांकांमधून, म्हणजे ज्यांना नाकारलं होतं त्यांच्यातून. वरचे आणि हे, यांच्यातला फरक मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांच्या मताचा होता, मार्कांचा कमी.

१९८७ मध्ये यावरचा अभ्यास जामा या नियतकालिकात आला. वर्गातली कामगिरी, रुग्णांसोबतचं काम, गळती, कशातच दोन गटांत म्हणावा असा फरक सापडला नाही. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण इथं अपघातानं का होईना, छेदाची हरवलेली बाजू दिसली. तुमच्या विषयात असा अपघात कुठं झालाय का, हे शोधत राहा. चांगला प्रबंध त्यातून निघू शकतो.

आपल्या नीटचं काय?

आपल्याकडे प्रश्नाची जात वेगळी आहे. नीट ७२० गुणांची, आणि प्रवेश गुणवत्ता क्रमांकानं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात खुल्या गटाला ५० टक्के पुरतात, तो फक्त उंबरठा. सरकारी कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, ८५ टक्के राज्याच्या. समिती नाही, निबंध नाही. म्हणजे एकदा क्रमांक हातात आला की अनिश्चितता बरीचशी संपते. जी काही असते ती निकालाच्या आधी. अमेरिकेत मात्र स्कोअर हातात आल्यावर खरी अनिश्चितता सुरू होते.

पण छेदाची चूक इथंही होते. "नीट क्वालिफाय झाला" म्हणून पेढे वाटतात. २०२५ मध्ये परीक्षा दिली सुमारे २२ लाखांनी, पात्र ठरले सुमारे १२.३६ लाख, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र ठरलेल्या दहांतल्या एकालाच जागा. दुसरी चूक मागच्या वर्षीचे गुण लावण्याची. २०२४ मध्ये अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ मध्ये पेपर अवघड निघाला आणि देशात पहिला आलेल्याला ६८६. मागच्या वर्षीच्या गुणांवरून यंदाचा अंदाज बांधणारे कोसळले. गुण वर्षागणिक बदलतात, क्रमांक त्या मानानं स्थिर असतो. तुलना करायची तर क्रमांकाची करा.

कोणताही तक्ता हातात आला की

१. छेदात कोण आहे, आणि कोण मुद्दाम किंवा नकळत वगळलं गेलंय?
२. अंशातला "यश" हा शब्द नेमकं काय मोजतो?
३. तक्त्यानं ज्या गोष्टी सारख्या धरल्या, त्यापलीकडे माझ्या बाबतीत निर्णायक असं काय आहे?
४. दोन घरांतला फरक निरीक्षणाचा आहे की प्रयोगाचा?
५. मोजमापातली चूक घराच्या रुंदीच्या मानानं किती?

यातला तिसरा प्रश्न संख्याशास्त्राच्या पुस्तकातून सुटत नाही. तो माणसाला विचारावा लागतो. मी त्या रात्री तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. दोन आकडे घेतले आणि एक आकडा परत दिला.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी बसून यादी केली. प्रत्येक कॉलेजचा व्हिसाचा नियम, मागच्या वर्षी किती आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतले, पैसे आधी दाखवावे लागतात का, एवढ्या तीनच गोष्टी. यादी १४ वर आली. दरम्यान ती एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक म्हणून लागली. दोन मुलाखती झाल्या, एका ठिकाणी ती प्रतीक्षायादीत आहे. मावशी परवा पुन्हा म्हणाली, "आता तरी सांग, किती टक्के?"

या वेळी मी आकडा सांगितला नाही. म्हटलं, "मावशी, तिच्यासारखे किती जण होते ते मोजायला मला पुरेशी माणसंच सापडत नाहीत." मावशीला ते उत्तर पटलं नाही. मावसबहिणीला पटलं. तिनं विचारलं, "मग तुझ्या थिसिसमध्ये तू छेदात कोण धरलंयस?"

त्या रात्री मी माझा दुसरा चॅप्टर पुन्हा उघडला.